नोकरी लागली, लग्न झालं, वय झालं

पत्र (बरंच कमी करून):

मी 59 वर्षांचा. पाटबंधारे खात्यातून गेल्या वर्षी उपविभागीय अधिकारी म्हणून निवृत्त झालो. कालव्यावर सगळे मला ‘रावसाहेब’ म्हणायचे. आता कुणी म्हणत नाही. फेब्रुवारीत माझ्या बरोबरीचा, रोज सकाळी माझ्यासोबत फिरायला येणारा मित्र झोपेतच गेला. तेव्हापासून मला पहाटे 3 वाजता जाग येते. शुगर, थायरॉइड नॉर्मल. मानसोपचारतज्ज्ञांनी एक सौम्य गोळी दिली आणि एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. त्या माझ्या मुलीच्या वयाच्या. तासाचे 1200 रुपये घेतात आणि काहीही सांगत नाहीत. चौथ्या वेळेला मला विचारलं, ‘तुमच्याकडे अजून किती वेळ आहे असं तुम्हाला वाटतं?’ मी उठून आलो. ही म्हणे अस्तित्ववादी उपचारपद्धती. नेटवर शोधलं तर फ्रान्समधले सिगरेट ओढणारे नास्तिक निघाले. आमच्या घरात चार पिढ्यांची वारी आहे. गीता, ज्ञानेश्वरी असताना हा फ्रेंच उद्योग कशाला?

दुसरं म्हणजे, मुलगी म्हणते सातारचं घर विका आणि पुण्याला या. हिचाही कल तिकडेच. मला ठरवता येत नाही. (कधीकधी वाटतं, सकाळी जागच आली नाही तर कुणाचं फार अडणार नाही.) तेव्हा स्पष्ट सांगा. सेशन चालू ठेवू की नको? पुण्याला जाऊ की नको?

— एक रावसाहेब, सातारा

उत्तर:

रावसाहेब, नमस्कार.

आधी कंसातलं बोलू.

तीन पानी पत्रातलं सगळ्यात जड वाक्य तुम्ही कंसात टाकलंत. सरकारी टिपणीत अडचणीची गोष्ट ‘ता. क.’ म्हणून येते, तसं. हे वाक्य तुम्ही त्या बाईंना सांगितलेलं दिसत नाही आणि डॉक्टरांनाही नाही. दोघांनाही सांगा. मित्र गेल्यावर, खुर्ची गेल्यावर असा दमलेला विचार मनात येऊन जातो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण तो रोज येत असेल, किंवा ‘अडणार नाही’च्या पुढे सरकत असेल, तर पुढच्या सेशनची वाट पाहू नका. वहिनींना उठवा, डॉक्टरांना फोन करा. रात्री कुणीच नसेल तर 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास चालू, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. पहाटे 3ची जाग हे नैराश्याचंही लक्षण असू शकतं, म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका. तत्त्वज्ञान गोळीच्या जागी येत नाही. दोन्ही एका वेळी चालू शकतात.

आता तुमच्या भांडणाकडे येते.

तुमची तक्रार अशी की बाई काही सांगत नाहीत. फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्र याची एक हकिगत सांगते. तोच तुमचा सिगरेटवाला नास्तिक, पण गोष्ट ऐकण्यासारखी आहे. 29 ऑक्टोबर 1945 रोजी पॅरिसमध्ये दिलेल्या एका व्याख्यानात त्याने आपल्या एका विद्यार्थ्याबद्दल सांगितलं. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात होतं तेव्हाची ही गोष्ट. मुलाचा थोरला भाऊ 1940 च्या लढाईत मारला गेलेला, आई नवऱ्यापासून वेगळी आणि आता याच एका मुलाच्या आधारावर जगणारी. मुलाला इंग्लंडला पळून जाऊन फ्रेंच सैन्यात सामील व्हायचं होतं. गेलो तर आई खचणार, राहिलो तर भावाचं ऋण तसंच राहणार. तो सार्त्रकडे गेला आणि म्हणाला, काय करू? सार्त्र म्हणाला, तू स्वतंत्र आहेस, निवड. वर त्याने असंही म्हटलं की सल्ला कुणाला विचारायचा हे ठरवतानाच माणसाने अर्धा निर्णय घेतलेला असतो.

सल्ल्याचं सदर चालवणाऱ्या बाईला हे वाक्य फारसं सोयीचं नाही. पण तुमच्या पत्रापुरतं ते खरं आहे. ‘पुण्याला जा’ म्हणणारी दोन माणसं तुमच्या घरातच आहेत. तरीही तुम्ही एका अनोळखी बाईला पत्र टाकलंत.

सार्त्रचं उत्तर मला मात्र अर्धवट वाटतं. तत्त्वज्ञ म्हणून तो चुकला नाही, पण ‘निवड’ म्हणून त्या पोराला जिन्यावरून खाली पाठवून दिलं की त्याच्या पोटातल्या गोळ्याचं काय? मानसोपचार तिथून सुरू होतो. निवड तुमचीच, पण ती होईपर्यंत कुणीतरी समोरच्या खुर्चीत बसून राहतं, गप्पही राहतं आणि तुम्ही चिडून उठून गेलात तरी पुढच्या आठवड्याची वेळ तुमच्या नावावर राखून ठेवतं. 1200 रुपये त्याचे आहेत.

‘फ्रेंच उद्योग’ हे मात्र नेटवरचं अर्धं ज्ञान. मरण, निवड, जगण्याचा अर्थ यांवर पेशंटशी बोलणारी ही उपचारपद्धती प्रामुख्याने डॉक्टरांनी घडवली, आणि त्यांतले महत्त्वाचे फ्रेंच नव्हते. मेडार्ड बॉस हा स्विस मनोविकारतज्ज्ञ. 1959 ते 1969 अशी दहा वर्षं त्याने जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरला झुरिकला बोलावून डॉक्टरांसाठी चर्चासत्रं घेतली, बरीचशी झोलिकॉनच्या आपल्या घरीच. सुरुवातीला डॉक्टर मंडळींना काही म्हणजे काही कळेना. मंगळावरचा माणूस पृथ्वीवरच्यांशी बोलायला आलाय असं वाटायचं, असं बॉसनेच लिहून ठेवलंय. (हाच बॉस 1950 च्या दशकात भारतात येऊन गेला आणि परत जाऊन त्यावर पुस्तक लिहिलं. तेव्हा वारीवाल्यांनी त्याला अगदीच परका मानू नये.) हायडेगर नाझी पक्षाचा सदस्य होता हेही सांगायला हवं. कारण या घराण्याचं दुसरं मोठं नाव, व्हिएन्नाचा डॉक्टर व्हिक्टर फ्रँकल, ज्यू म्हणून नाझींच्या छळछावण्यांत होता. आई, वडील, भाऊ, बायको, चौघंही त्याने त्या काळात गमावले. विचारांच्या एकाच वाड्यात अशी माणसं राहिली, याचा मला अजून नीट उलगडा झालेला नाही.

फ्रँकलचं नाव निघालं की सगळे छावणीचीच गोष्ट सांगतात. तुमच्यासाठी मला त्याच्या आधीची महत्त्वाची वाटते. छावणीत जाण्यापूर्वी तो व्हिएन्नात तरुणांसाठी सल्लाकेंद्रं चालवायचा. जागतिक मंदीचा काळ, पोरं बेकार. 1933 मध्ये त्याने लिहिलं की या मुलांचं नैराश्य निव्वळ पैशाचं नाही. त्यांच्या डोक्यात एक खोटं गणित बसलंय: काम नाही म्हणजे मी निरुपयोगी, आणि निरुपयोगी म्हणजे जगण्याला अर्थ नाही. त्याने अशा मुलांना वाचनालयांत, प्रौढशिक्षणाच्या वर्गांत, युवक संघटनांत बिनपगारी कामाला लावलं. खिसा रिकामाच राहिला, पोटात कावळेही ओरडत राहिले, पण उदासी उतरली. सुट्टीच्या दिवशी कामाचा गोंगाट थांबला की माणसाला जे रितेपण जाणवतं, त्याला तो ‘रविवारचा आजार’ म्हणायचा. रावसाहेब, गेल्या मे महिन्यापासून तुमचा रविवार संपलेलाच नाही.

यावर ‘मग मीही वाचनालयात जाऊन बसू का’ असं विचाराल. थांबा. त्याआधी तुमच्या पत्राच्या व्याकरणाकडे बघू.

मी मोजलं. तीन पानांत ‘लागलं’ हे क्रियापद 11 वेळा आलंय. वडील गेल्यामुळे पुढचं शिक्षण सोडावं लागलं. नोकरी घ्यावी लागली. दोनदा बढतीवर पाणी सोडावं लागलं. रविवारीही साइटवर जावं लागायचं. आता औषध घ्यावं लागतंय. बाईंकडे जावं लागतंय.

दोष एकट्या तुमचा नाही, आपल्या भाषेचीच ही खोड आहे. आपल्याकडे ठेच लागते, उचकी लागते, आणि नोकरीही लागते. लग्न होतं. बदली होते. मुलं होतात. घर होतं. वय होतं. अख्खा जन्म दोन ओळींत बसतो आणि त्यात करणारा कुठेच सापडत नाही. सगळं आपल्यावर पावसासारखं पडलेलं. अशा वाक्यांत राहायला बरं वाटतं, कारण जो कर्ता नाही त्याला जाबही कुणी विचारत नाही. पण हाच माणूस निवृत्त झाला की पंचाईत होते. पडायचं ते पडून झालं, आता पडण्यासारखं काही उरलं नाही, आणि स्वतःहून वाक्य सुरू करायची सवय तर कधी लावलीच नाही.

या पद्धतीचे थेरपिस्ट इथेच खोदतात. पेशंट ‘मला जमत नाही’ म्हणाला की ते सांगतात, एकदा ‘मी करणार नाही’ असं म्हणून बघा, कसं वाटतं? बऱ्याचदा राग येतो. कारण काही ‘लागलं’ शंभर टक्के खरी असतात. वडिलांचं जाणं तुम्ही निवडलं नव्हतं. हायडेगरने 1927 च्या ग्रंथात यासाठी जो शब्द वापरला त्याचा अर्थ ‘फेकलं जाणं’ असा होतो: आईबाप, गाव, जात, शतक यातलं काहीच आपण निवडत नाही, अंगावरच्या कपड्यांनिशी मध्येच कुठेतरी येऊन पडतो. बढतीचं मात्र वेगळं आहे. मुलीची शाळा मोडू नये म्हणून तुम्ही गडचिरोलीची बदली नाकारलीत, तीही दोनदा. त्याला ‘सोडावं लागलं’ कसं म्हणायचं? तो तुम्ही घेतलेला निर्णय होता, आणि मला विचाराल तर चांगला निर्णय होता. तो स्वतःच्या नावावर जमा करायचं तुमचं राहून गेलंय.

आणि रविवारच्या साइटचं म्हणाल, तर माझे वडील तुमच्याच खात्यात मोजणीदार होते. आवर्तन सुटलं, म्हणजे कालव्याला पाणी सोडलं, की ते आठ-आठ दिवस घरी दिसत नसत, हे मी पाहिलंय. आवर्तन बंद असलं की मात्र घरी असत, खाटेवर पडून रेडिओ ऐकत. तेव्हा दर रविवारी ‘जावं लागायचं’ यातले किती रविवार पाण्याचे होते आणि किती रविवार तुम्ही स्वतः निवडलेले होते, याचा हिशेब तुम्हीच करा. मला कळवायची गरज नाही.

‘रावसाहेब’ ही हाक बंद झाल्याचं तुम्ही लिहिलंय. सार्त्रने एका कॅफेतल्या वेटरचं वर्णन केलंय: जरा जास्तच चपळ, जरा जास्तच वाकलेला, वेटर असण्याचं नाटक वठवणारा, जणू त्याच्यात वेटरशिवाय दुसरं काही नाहीच. वेटरला निदान रात्री घरी जाताना एप्रन काढावा लागतो. तुमच्या अंगावर ‘रावसाहेब’ हा कोट चौतीस वर्षं होता आणि तो घरातही चढवलेला असायचा, असं पत्रावरून वाटतं. उत्तराच्या सुरुवातीला मी ती हाक मुद्दाम मारली. बरं वाटलं असेल. वाटू द्या. पण सही करतानाही तुम्हाला ‘एक रावसाहेब’च सुचलं, याचा जरा विचार करा.

आता तो प्रश्न, ज्यावरून तुम्ही उठून आलात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ अर्विन यालोम याचा 1980 चा ग्रंथ या पद्धतीत जवळजवळ पाठ्यपुस्तक मानतात. माणसाला मुळातून छळणाऱ्या चार गोष्टी तो सांगतो: मरण, स्वातंत्र्य, एकटेपण आणि निरर्थकता. आपल्या बऱ्याचशा चिंता याच चार मुळांना फुटलेल्या असतात, असं त्याचं म्हणणं. 1970 च्या दशकात त्याने कॅन्सर पसरलेल्या रुग्णांचे गट चालवले. मरण समोर दिसू लागल्यावर त्यांतली काही माणसं खचण्याऐवजी जास्त मोकळी झाली. फालतू गोष्टींना नाही म्हणू लागली, जवळच्यांशी खरं बोलू लागली. जगायचं कसं हे कळायला शरीर कॅन्सरने पोखरून निघेपर्यंत थांबावं लागलं, अशी खंतही त्यांनी बोलून दाखवली. म्हणून हे थेरपिस्ट मरणाचा विषय टाळत नाहीत. बाईंचा प्रश्न उद्धट नव्हता.

लवकर विचारला गेला, असं मात्र मला वाटतं. मित्र जाऊन तीन-चार महिने झालेल्या माणसाला चौथ्या भेटीत ‘तुमचा वेळ किती उरलाय’ विचारणं म्हणजे टाके सुकायच्या आत पट्टी ओढणं. त्यांच्या जागी मी असते तर आधी मित्राबद्दल विचारलं असतं. तो कसा चालायचा, काय बोलायचा, कुठल्या टपरीवर चहा व्हायचा. त्यांना हे सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. ‘तुमच्या प्रश्नाचा मला राग आला’ हे वाक्य या पद्धतीत अपमान धरत नाहीत, कामाला सुरुवात झाली असं धरतात. आणि त्या वाक्यात कर्ता नाही तरी निदान ‘मला’ आहे.

गीतेचं म्हणता, तर ‘आमच्याकडे हे सगळं आधीपासून होतं’ हे वाक्य मला कधीच आवडत नाही. घरात तांदूळ आहे म्हणून भात झालेला असतो असं नाही. पण तुम्ही गीता वाचता म्हणून अठराव्या अध्यायाचा 63 वा श्लोक काढा. एवढा सगळा उपदेश करून झाल्यावर कृष्ण म्हणतो, याचा पूर्ण विचार कर आणि मग ‘यथेच्छसि तथा कुरु’. तुला हवं तसं कर. सारथ्यानेही शेवटी लगाम परत हातात दिला. (तीनच श्लोक पुढे तो ‘मला एकट्याला शरण ये’ असंही म्हणतो, हे लपवणार नाही. फरक आहे आणि तो राहू दे.) तुमच्यासाठी कामाचा मुद्दा असा की या पद्धतीत यायला नास्तिक व्हावं लागत नाही. सार्त्र म्हणायचा, अर्थ आपण रचायचा असतो. फ्रँकल म्हणायचा, अर्थ असतोच, तो शोधायचा असतो. माळकऱ्याला फ्रँकल जवळचा वाटेल. बाईंना सरळ सांगा की माझा पांडुरंग बाजूला ठेवून मला बोलता येणार नाही. चांगल्या थेरपिस्टला त्याची अडचण नसते. अडचण दिसली तर थेरपिस्ट बदला.

हे सगळ्यांना लागू पडतं का? नाही. हात धुण्याचा मंत्रचळ असेल, लिफ्टची भीती असेल, भास होत असतील, तर मी कुणाला अस्तित्ववादाकडे पाठवणार नाही. तिथे वर्तनोपचार आणि औषधं यांचा पुरावा कितीतरी भक्कम आहे. कि. मो. फडके यांच्यामुळे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ पद्धत महाराष्ट्रात बऱ्याच वाचकांना ठाऊक आहे. विचारांची गाठ चटकन सोडवायची असेल तर तीच बरी. अस्तित्ववादी उपचारांवर 2015 मध्ये 15 अभ्यासांचा, म्हणजे 1792 जणांचा, एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. ‘अर्थ’ या विषयावर नेमकेपणाने काम करणाऱ्या पद्धतींचा फायदा चांगला दिसला, बाकीच्या शाखांचा बेताचा किंवा नगण्य. पुरावा थोडा आहे, पण तुमचा प्रश्न नेमका त्या ‘अर्था’च्याच गटातला आहे. बाईंनी शिक्षण कुठे घेतलंय आणि त्या स्वतः कुणा ज्येष्ठांकडे मार्गदर्शनाला जातात का, हे मात्र विचारून घ्या. ‘समुपदेशक’ ही पाटी आपल्याकडे कुणीही लावतं.

झोपेसाठी फ्रँकलचीच एक युक्ती देते. 3 वाजता जाग आली की झोपायचा प्रयत्न करू नका. उलट अंथरुणात शांत पडून, डोळे उघडे ठेवून, जागं राहायचा प्रयत्न करा. झोपेच्या मागे लागलं की ती पळते. निद्रानाशावरच्या उपचारांत ही युक्ती आजही वापरतात. सगळ्यांना लागू पडत नाही, पण फुकट आहे.

सेशन चालू ठेवा. निदान आणखी सहा वेळा, आणि पहिल्या वेळी तो कंस वाचून दाखवा.

पुण्याचं मी सांगणार नाही. एवढंच बघा की ‘पुण्याला जावं लागलं’ असं वाक्य पाच वर्षांनी तुमच्या तोंडी येणार असेल तर आत्ता जाऊ नका. ‘सातारला राहावं लागलं’ असं येणार असेल तर राहूही नका. घर विकायच्या आधी दोन महिने पुण्यात राहून बघता येतं, हे सांगायला तत्त्वज्ञान लागत नाही. वहिनींना काय हवंय ते पत्रात तुम्ही तीन शब्दांत उरकलंय. त्यांना नीट विचारा, आणि उत्तर येईपर्यंत मधे बोलू नका.

एक गोष्ट मात्र सांगते. थेरपिस्ट सांगत नाहीत, पण मी सदर चालवते, मला मुभा आहे. दुसऱ्या पानावर तुम्ही लिहिलंय, ‘तेराव्यानंतर त्याच्या घरी जायला जमलं नाही.’ पुन्हा ते ‘जमलं नाही’. तुम्ही शाहूनगरात, ते घर गोडोलीत. चालत किती लागतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, त्याच रस्त्याने तुम्ही दोघं रोज जात होता. उद्या सकाळी फिरायला निघाल तेव्हा तिकडे वळा. मित्राच्या बायकोकडे काय बोलायचं हे ठरवून जाऊ नका. त्या चहा विचारतील, नको म्हणू नका.